माझ्या नावाचा तोतया

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. हा किस्सा मी सासुरवाडीच्या माणसांसमोर सांगत नाही. आज त्यांच्यातलं कुणी नाही, म्हणून तोंड उघडतोय.

माणूस खोटं बोलून अडचणीत येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आधी खोटं बोलला, मग ते खोटं खरं निघालं, आणि शेवटी खरं बोलला म्हणून अडकला, असा माणूस बघितलाय कधी? नाही ना? मग नीट बघून घ्या. समोरच बसलाय.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी तेव्हा अंबरनाथला एका कारखान्यात होतो. नेमणूक कारकुनाची. पण कारखान्याने लष्कराच्या लिलावातली एक जीप घेतली आणि साहेबांची नजर माझ्यावर पडली. का पडली? तर बाकीचे सगळे तेव्हा कामात होते!

"साठे, गाडी शिकून घ्या. वाहतुकीचं टेबल तुमच्याकडे देतो," साहेब म्हणाले.

शिकलो. कसा शिकलो ते विचारू नका. अंबरनाथ पश्चिमेची कुत्री माझी जीप लांबून ओळखायची आणि रस्ता सोडून ओट्यावर चढून बसायची, एवढंच सांगतो. पण लायसन मिळालं! खिशात मावेल एवढी पुस्तिका. आत नाव, पत्ता आणि सही. माझ्या त्या पुस्तिकेत फोटोबिटो काही नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आमच्या हिने त्या पुस्तिकेला हळदकुंकू वाहिलं, त्यामुळे पहिल्या पानावर माझं नाव जरा पिवळट दिसायचं.

आणि एक दिवस ते लायसन नाहीसं झालं.

टेबलाचे खण उपसले. गाद्या उसवायच्या बाकी ठेवल्या. हिने तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घालून बघितला. लायसन नाही! मी आठवडाभर गप्प राहिलो, जीप तशीच चालवत राहिलो. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं.

"साठे, पुढच्या महिन्यात विम्याचा माणूस येणार आहे. तुमचं लायसन बघायचंय त्याला. लायसन नीट नसेल तर वाहतुकीचं टेबल दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

"आहे ना साहेब, घरी पेटीत जपून ठेवलंय," मी म्हणालो. ही पहिली थाप. मोजत चला.

आमच्या स्टोअरमध्ये होतचंद नावाचा सिंधी गृहस्थ होता. उल्हासनगरला, म्हणजे कॅम्पात राहायचा. फाळणीत घरदार, कागदपत्रं, सगळं तिकडे टाकून आलेला. रेशनकार्डापासून मॅट्रिकच्या सर्टिफिकेटापर्यंत सगळे कागद त्याने नव्याने उभे केले होते. "साठे, अपना सब डुप्लिकेट है. सिर्फ आदमी ओरिजिनल," असं तो स्वतःच म्हणायचा. मग सल्ला विचारायला त्याच्याखेरीज कुणाकडे जाणार?

त्याने विचारलं, "गुम कसा झाला?"

"तेच तर आठवत नाही."

"मग अर्जात असा लिहू नको. आठवत नाही लिहिला तर साहब लोक बोलेगा, जाओ, पहले याद करो. दोन महिना गया! तू लिही, चोरी झाला. जल्दी पाहिजे तर लिही, चोर तुझ्या नावाने गाडी चालवतो. मग बघ कसे धावतात!"

"पण असं काही झालेलं नाही, होतचंद."

"झाला नाही, ते तुला माहीत. ठाण्याच्या ऑफिसला काय माहीत?"

ठाण्याच्या मोटार खात्यात दुसरी प्रत मागायची तर पोलिसांचा दाखला लागायचा. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी चौकीत हजर.

चौकीतले जमादार साताऱ्याकडचे. अंगाने भरभक्कम, अक्षर मात्र मोत्यासारखं. मी सांगितलं, स्टेशनाजवळ खिशातून लायसन मारलं. एवढ्यावर थांबावं ना माणसाने? पण होतचंद डोक्यात बसलेला!

"आणि जमादारसाहेब, तो इसम माझं नाव सांगून गाडी चालवतो म्हणे. साठे म्हणून मिरवतो."

जमादारांनी टाक खाली ठेवला. डोळे चमकले.

"म्हंजे तोतया?"

"तोतयाच की."

"पेशवाईत निघाला हुता म्हनं एक. आमच्या चौकीला हा पयलाच." त्यांनी कोरा कागद घेतला. "बोला. दिसायला कसा हुता?"

झालं! याची मी तयारीच केली नव्हती. जमादार टाक दौतीत बुडवून वाट बघतायत, शाईचा थेंब टोकाशी आलाय, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकसुद्धा चोर उभा राहीना. मी साधा माणूस, मला चोरांची ओळख कुठून असणार?

डोळ्यांसमोर आले ते थेट माझे सासरे.

त्याला कारण होतं. आमचे सासरे, नाना, बदलापूरचे. शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. चामटोलीला थोडी भातशेती. मी त्यांना खुशालीचं पत्र पाठवलं की ते उत्तर पाठवायचे नाहीत. माझंच पत्र परत यायचं, लाल शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारून! त्याच सकाळी एक आलं होतं. 'सप्रेम नमस्कार वि. वि.' एवढंच शाबूत होतं, पुढे सगळं रक्तबंबाळ.

तर मी डोळे मिटले आणि बोलत गेलो. काय सांगू तुम्हाला, काय ओघ लागला! जन्मात मी इतकं चांगलं वर्णन केलेलं नाही. जमादार लिहीत होते आणि मधूनमधून "वा!" म्हणत होते.

बाहेर पडलो तेव्हा अगदी हलकं वाटत होतं. एक तर दाखला मिळणार होता, आणि लाल शाईचा थोडासा सूडही उगवला होता. कुणाचं काय बिघडलं? असा माणूस अंबरनाथमध्ये कशाला सापडतोय?

आठवडा गेला. एका सकाळी कारखान्यात शिपाई चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी गेली साहेबांच्या हातात. साहेबांनी मला आत बोलावलं.

"साठे, लायसन चोरीला गेलं होतं? मला बोलला नाहीत?"

"म्हटलं, उगाच तुम्हाला त्रास..."

"त्रास कसला! चोर सापडलाय. लायसनसकट. ओळख पटवायला बोलावलंय. लगेच निघा!"

चोर सापडला? कोणता चोर? अहो, तो चोर मी बनवला होता! चौकीत बसून, डोळे मिटून, माझ्या तोंडाने! त्याला हे लोक पकडणार कुठून? वाटेत दोनदा गिअर चुकला. म्हटलं, बिचारा कुणीतरी उंच, नाकेला म्हातारा धरून आणला असेल. पण मग त्याच्याकडे माझं लायसन कसं? काही केल्या हिशेब जुळेना.

चौकीची पायरी चढलो आणि बघतो तर काय!

बाकावर नाना.

हो, आमचे नाना! काळी टोपी काढून मांडीवर ठेवलेली, नजर जमिनीकडे. ज्या माणसासमोर बदलापूरची दोन पिढ्यांची पोरं चळचळ कापली, तो माणूस हवालदार आणि पाण्याचा माठ यांच्या मधे अंग चोरून बसला होता.

"या साठे!" जमादारांचा चेहरा असा फुललेला, जणू त्यांच्या घरी लग्न आहे. "रेल्वेच्या फाटकापाशी गावला. बावीस वर्सं झाली नोकरीला, पर असं वर्णन कुनी दिलं न्हवतं. लोक सांगत्यात, हुता एक काळासावळा. तुमी म्हंजे फोटूच काढला की! थांबा, कायद्यापरमानं वाचून मेळ घालू. हवालदार, बघत जा रं."

"जमादारसाहेब, वाचायची काही गरज—"

"गरज कशी न्हाई? ऐका. 'अंगाने उंच व शिडशिडीत.'"

"हाय," हवालदार म्हणाला.

"'नाक पोपटाच्या चोचीसारखे, पुढे आलेले व खाली वळलेले.'"

हवालदाराने बाजूने जाऊन बघितलं. "हाय."

"'डाव्या गालावर चामखीळ.'"

"हाय."

"'चष्म्याची एक दांडी मोडलेली, दोऱ्याने बांधलेली. चिक्कूपणामुळे नवीन घेत नसावा.'"

"दोरा हाय."

"'दोन्ही कानांतून केसांचे झुबके.'"

हवालदार वाकला. एका कानात बघितलं, दुसऱ्या कानात बघितलं. "हायती. दोन्हीकडं."

धरणी दुभंगावी म्हणतात ना? अंबरनाथची धरणी फार घट्ट हो! मी चपलांकडे बघत उभा. जमादारांनी शेवटचं वाक्य अगदी चवीने वाचलं.

"'चेहऱ्यावर असा भाव, की साऱ्या जगाचे शुद्धलेखन चुकले असून हा एकटाच पास झाला आहे.'"

हवालदार जरा घुटमळला. नानांच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "आता न्हाई. पर पकडला तवा हुता."

आता नाना उठणार, माझं बखोट धरणार, मला सगळ्या चौकीसमोर उभं जाळणार! मी डोळे मिटून घेतले. पण काहीच झालं नाही. डोळे उघडले तर नानांची मान आणखी खाली गेलेली.

"जावईबापू," नाना म्हणाले. आवाज इतका बारीक की क्षणभर वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय. "तुम्ही मला बघितलंत तर. कुठे बघितलंत? चामटोलीच्या रस्त्याला?"

बघितलं कुणी!

"आमच्याकडे बारशाला आला होतात तेव्हा कोट विसरून गेलात. त्याच्या आतल्या खिशात हे होतं. पाठवून द्यायला हवं होतं मी." ते टोपीची कड चाचपत राहिले. "शेजारच्या दुकानदाराने जुना ट्रक घेतलाय. गेल्या वर्षापासून मी त्याच्याकडून थोडं थोडं शिकत होतो. या वयात! घरी सांगितलं नाही. महिन्यापूर्वी त्याचा ड्रायव्हर गावी गेला, आणि चामटोलीहून भाताची पोती आणायची होती. मी म्हटलं, मी आणतो. एक खेप केली. मग काय सांगू, हात शिवशिवायला लागले. पेंढ्याची खेप केली. विटांची केली. मला कामच नव्हतं हो निवृत्त झाल्यापासून. शाळेवरून गेलो तरी आत जाता येत नाही, घंटा दुसराच वाजवतो. ट्रकवर बसलो की पोरं पुन्हा 'गुरुजी, गुरुजी' करत मागे धावायची."

हवालदाराने माठातलं पाणी काढून त्यांच्यापुढे धरलं.

"एकदा पोलिसाने हात केला. त्याने नाव विचारलं. मी हे लायसन दाखवलं आणि म्हणालो, मी साठे." नानांनी चष्मा काढला. "हजेरीला दुसऱ्याच्या नावाने 'हजर' म्हणणाऱ्या पोरांना मी छड्या मारल्या आहेत, जावईबापू. बत्तीस वर्षं! आज हे तुम्हाला परत द्यायलाच निघालो होतो. पण ट्रक घेऊन निघालो. फाटकापाशी यांनी अडवलं, नाव विचारलं, आणि तोंडातून पुन्हा तेच गेलं. साठे. तुम्ही फिर्याद केलीत ते योग्यच केलंत."

कळलं का तुम्हाला काय झालं? मी मारलेली थाप शब्दन्शब्द खरी निघाली होती! लायसन दुसऱ्याकडे? होय. तो माझ्या नावाने गाडी चालवतो? होय. उंच, नाकेला, चामखीळवाला? होय, होय, होय! ज्योतिषालाही जमलं नसतं. आता मला फक्त एक काम होतं. तोंड बंद ठेवायचं. "जाऊ द्या जमादारसाहेब, घरचेच आहेत, फिर्याद मागे घेतो," एवढं म्हटलं असतं तरी मी उदार ठरलो असतो. नाना जन्मभर माझ्या उपकारात राहिले असते. लाल शाई कायमची बंद!

पण त्यांनी चष्मा पुसायला धोतराचा सोगा उचलला आणि पुसले मात्र डोळे. आणि माझ्यातला गाढव हंबरला. गाढव हंबरत नाही, ठाऊक आहे मला, माझ्यातला हंबरला.

"नाना, तुम्ही खाली बघू नका हो!" मी म्हणालो. "तुम्हाला कुणी बघितलं नाही. चोरी नाही, तोतया नाही, काही नाही! लायसन कुठे गेलं तेच मला आठवत नव्हतं. दाखला लवकर मिळावा म्हणून मी थाप मारली. सगळी फिर्याद खोटी आहे!"



नानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मान हळूहळू वर आली. गेलेला भाव परत आला, हवालदाराने ताबडतोब बोट दाखवलं, "आता हाय बघा, जमादार!"

"खोटी?" नाना म्हणाले. "मग माझं वर्णन?"

"ते... ते आपोआप आलं."

"कानातल्या केसांसकट आपोआप?"

जमादारांनी कागदाची घडी घातली. दुःखाने घातली, हे मी सांगतो. बावीस वर्षांतलं सगळ्यात देखणं वर्णन होतं ते.

"साठे," ते म्हणाले, "लायसन गावलं. चोर गावला. चोरानं कबुली दिली. समदं झ्याक जुळलं हुतं. आता तुमी म्हंता चोरी न्हाईच, तवा ह्यो म्हातारा चोर न्हाई. मंग आत टाकायला ऱ्हायलं कोन?"

मी आजूबाजूला बघितलं. खरंच कुणी राहिलं नव्हतं.

नानांना लायसनशिवाय ट्रक चालवल्याबद्दल दमदाटी झाली आणि दंड झाला. तो त्यांनी पावती वाचून, त्यातली एक वेलांटी दुरुस्त करून भरला. ट्रक न्यायला दुकानदाराला निरोप गेला. माझं लायसन मात्र जमादारांनी लाखेची मोहोर लावून कपाटात बंद केलं. पुढे ठाण्याला दुसरी प्रत काढायला गेलो, तर अर्जात 'कारण' असा रकाना. हरवलं म्हणावं तर हरवलं नाही, चोरीला म्हणावं तर चोरी नाही. चार महिने लागले! विम्याचा माणूस येऊन गेला, वाहतुकीचं टेबलही गेलं. टेबल मिळालं होतचंदला. त्याच्याकडे सगळे कागद तयार होते!

पण त्या दिवशी प्रश्न होता माझ्या सुटकेचा. जमादार म्हणाले, वरच्या साहेबांपुढे उद्या हजर व्हायचं. तोवर सोडायचं तर प्रतिष्ठित माणसाची हमी पाहिजे.

"मी देतो हमी," नाना म्हणाले.

"गुर्जी, घटकेपूर्वी तुमीच आरोपी हुता की!"

"घटकेपूर्वी होतो. आणि मी इथे आल्याच दिवशी खरं सांगितलं. याला आठवडा लागला. हमी कुणाची बरी?"

जमादारांना पटलं. नानांनी ठसठशीत सही केली, स्वतःच्या नावाने. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला जावईबापू. आणि एक सांगतो, आजपासून खरं बोलायचं. कुणी काही विचारलं, की जे असेल ते. कबूल?"

"कबूल, नाना."

मनापासून म्हणालो हो! पाया पडलो. डोळ्यांत पाणी आलं. जमादारांनी स्वतः चहा मागवला. अर्ध्या तासात आम्ही तिघं असे बोलायला लागलो जणू सोयरीक जमवायला बसलोय. निघताना जमादार आम्हाला पोचवायला व्हरांड्यापर्यंत आले.

मी नानांना हाताला धरून नीट बसवलं. वळसा घालून स्वतः बसलो. जमादारांना नमस्कार केला आणि बटण दाबलं. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. एरवी कधी होत नसे!

जमादारांचा नमस्काराला उचललेला हात तसाच राहिला. ते एक पायरी उतरले. कारखान्याच्या जीपकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आत कपाटाकडे.

"साठे," त्यांनी विचारलं, "सकाळी ही गाडी हितं कुनी चालवत आनली?"

शेजारी नाना बसले होते. खरं बोलायचं वचन देऊन पुरता अर्धा तास झाला होता.

"मीच," मी म्हणालो. "आणि महिनाभर रोज मीच चालवतोय."